कूलंट पांढरं झालं म्हणजे ते खरं असं नाही, ड्रम घेताना सांभाळा

रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत माझं छोटं ग्राइंडिंगचं शॉप आहे. जास्त करून मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरच्या इंजिनांचे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारे मुख्य दांडे, घासायला येतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे सगळ्यांची इंजिनं त्याच दोन महिन्यांत उघडतात आणि सगळ्यांना क्रँक बंदी उठायच्या आत पायजे असतो. नेमका त्याच घाईत गेल्या पावसात एकजण टेम्पो घेऊन आला, नावाजलेल्या कंपनीच्या लेबलचा कूलंट तेलाचा सीलबंद ड्रम (हे तेल पाण्यात मिसळून घासताना जॉबवर सोडतात, तो थंड राहायला), म्हणाला एक कारखाना बंद झाला त्याचा उरलेला माल आहे, 210 लिटर 18 हजारात. आम्ही घेतो तो ड्रम याच्या दुप्पट पडतो. त्याने लहान कॅनमधलं तेल ग्लासभर पाण्यात टाकून दाखवलं, एकदम दुधासारखं झालं. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला. मी पैसे दिले.

दुसऱ्या दिवशीपासून टाकीत फेस यायला लागला. मला वाटलं पंप हवा खेचतोय. मग जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या घासलेल्या गोल भागावर, रात्रीत गंज धरायला लागला, पण आमच्याकडे जुलैमध्ये दाराची कडीपण गंजते, त्यात विहिरीचं पाणी जरा मचूळ, म्हणून तेही सोडून दिलं. वास यायला लागला, म्हटलं पावसाळा आहे. म्हणजे बघा, त्या मालाची प्रत्येक खोड लपवायला आपल्या कोकणच्या पावसात कारण तयारच होतं, आणि मी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे पाण्यात तेल किती ते बघायच्या काट्याने, बघितलं तर 5 दाखवत होता, म्हणून तेलावर संशयच गेला नाही. नंतर कळलं की तो काटा पाण्यात काहीतरी मिसळलंय एवढंच सांगतो, काय मिसळलंय ते सांगत नाही. साबणाच्या पाण्यालापण रीडिंग येतं.

घासायचं व्हील लवकर भरायला लागलं, म्हणजे दाण्यांत लोखंड अडकायला लागलं, दर दोन जर्नलला डायमंड मारून ते मोकळं करावं लागायचं. मी आमच्या ऑपरेटरला बोललो, फीड जास्त देतोस म्हणून, सगळ्यांसमोर बोललो. तो बिचारा म्हणत होता, "मालक, पाणी जॉबपर्यंत पोचत नाय, नुसता फेस येतो." बरोबर सांगत होता तो. व्हील सेकंदाला 30-35 मीटरने फिरतं, स्वतःभोवती हवा ओढून घेतं, ती हवा फोडून आत शिरायला कूलंटची भरीव धार लागते, फेसाला ते जमत नाही. त्यात तेलाचं वंगण नसलं की दाणे कापायच्या ऐवजी घासत बसतात आणि ती सगळी उष्णता जॉबमध्ये उतरते. पिनवर (कनेक्टिंग रॉड बसतो तो जर्नल) जळल्याची तपकिरी-निळसर झाक यायची, पॉलिश मारलं की जायची, आणि मी पण माल देऊन मोकळा.

एका बोटवाल्या चाचांचा मेकॅनिक मात्र अडून बसला, डाय मारून तडे आहेत का बघा म्हणाला. लाल डाय लावला, पुसला, पांढरा डेव्हलपर मारला, आणि पाच मिनिटांत पिनवर केसासारख्या बारीक लाल रेघा उमटल्या, व्हील फिरतं त्याच्या आडव्या, सात की आठ. माझे हात गार पडले. सहा माणसं घेऊन बोट खोल दर्यात असताना तो क्रँक तुटला असता तर? चाचा एवढंच म्हणाले, "बंदी उठायला नऊ दिवस आहेत रे." दिलेले सगळे क्रँक परत मागवले, चार जणांचे पुढच्या अंडरसाइझला, म्हणजे ठरलेल्या पुढच्या कमी मापाला, घासून निघाले, चाचांच्याला साइझच उरली नव्हती, तो नवीन घेऊन दिला माझ्या खिशातून.

त्या रात्री नेहमीच्या डीलरकडचं तेल आणि हे तेल, दोन्ही एकाच पाण्यात 5 टक्के करून दोन बाटल्यांत ठेवलं. सकाळी खरं जसंच्या तसं पांढरं, आणि याच्यावर बोटभर जाड तेलाची साय, खाली गढूळ पाणी. पीएच पट्टीवर खरं 9 च्या आसपास, हे जेमतेम 7. कास्ट आयर्नचा चुरा कागदावर ठेवून दोन्ही ओतून बघितलं, याच्या कागदावर चहा सांडल्यासारखे डाग. पांढरं दिसायला साबण आणि स्वस्त तेल पुरतं हो.

तेव्हा कुडाळ, खेर्डी, लोटे, कुठेही असा स्वस्त ड्रम आला तर ग्लासातला खेळ बघू नका, सील तुमच्यासमोर फोडून त्याच ड्रममधलं बाटलीभर काढा, एक रात्र ठेवा, आणि पैसे सकाळी. लेबलवरचा बॅच नंबर कंपनीला फोन करून विचारा. जो खरा विकणारा आहे तो एक रात्र थांबतो.

त्याचा नंबर बंद आहे, तक्रार दिली आहे. ऑपरेटरची माफी मी सगळ्यांसमोरच मागितली, बोललो पण सगळ्यांसमोरच होतो. ड्रम अजून अर्धा भरलेला शेडच्या मागे पडलाय, पुरावा म्हणून ठेवलाय, आणि वहाळात ओतायचा तर प्रश्नच नाही, आमचा वहाळ सरळ खाडीला जातो.