फेऱ्या चार, झुरळं तेवढीच: पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक कराराचा एक अनुभव

पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार विकायला आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "आता वर्षभर बघायला नको." झुरळं, मुंग्या, ढेकूण, वाळवी, उंदीर, सगळं एकाच कागदात. दर तीन महिन्यांनी एक अशा चार फेऱ्या आणि पैसे सगळे आधी. असा करार केलेल्या एका घरात वर्ष संपताना झुरळं होती तेवढीच होती, दाराची चौकट वाळवीने आतून पोकळ केली होती आणि घरच्यांकडे त्यांच्याच सहीच्या चार पावत्या होत्या. तिथे काय घडलं ते क्रमाने मांडतो आहोत. या कामातली फसवणूक जवळजवळ याच पायऱ्यांनी होते, आणि काय बघायचं हे ठाऊक असेल तर प्रत्येक पायरीवर ती पकडता येते.

सुरुवात मोफत तपासणीने झाली. आलेल्या माणसाने ओट्याखालच्या ट्रॉलीच्या फटीत एक फवारा मारला. अर्ध्या मिनिटात पंधरा-वीस झुरळं सैरावैरा बाहेर पडली, काही उताणी होऊन पाय झाडू लागली. घरचे हादरले आणि तिथल्या तिथे सही झाली. हा प्रयोग कुणीही करून दाखवू शकतो. तो फवारा पायरेथ्रॉइड प्रकारच्या औषधाचा असतो. झुरळांच्या मज्जासंस्थेला तो झोंबतो, म्हणून दडलेली झुरळं बाहेर पळतात. घरात झुरळं आहेत, एवढंच त्यातून सिद्ध होतं. मात्रा कमी पडली असेल तर उताणी पडलेली झुरळं काही तासांनी सरळ होऊन परत फटीत जातात.

खरी तपासणी वेगळी दिसते. रात्री सिंकखाली, फ्रिजमागे, ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात चिकट सापळे ठेवायचे आणि सकाळी मोजायचे. झुरळ कुठल्या जातीचं आहे ते कागदावर लिहायचं. साधारण १३ ते १६ मिमी लांब, फिकट तपकिरी आणि डोक्यामागच्या भागावर दोन काळसर उभे पट्टे असतील तर ते जर्मन झुरळ. ते घरातच राहतं, घरातच वाढतं. ३५-४० मिमीचं लालसर मोठं झुरळ असेल तर ते बहुतेक मोरीच्या जाळीतून किंवा ड्रेनेजच्या चेंबरमधून वर येतं. पहिल्याला जेल, म्हणजे ठिपक्यांनी लावायचं विषारी आमिष, लागतं, दुसऱ्यासाठी चेंबर आणि जाळीचं काम करावं लागतं. करारात नुसतं 'झुरळ' लिहिलेलं असेल तर काय करायचं हे समोरच्याने ठरवलेलंच नाही असं समजा.

पहिली फेरी वीस मिनिटांत उरकली. औषध पंपात आधीच कालवून आणलेलं होतं. आधी सगळ्या स्वयंपाकघरात फवारणी झाली आणि लगेच त्याच जागी जेलचे ठिपके लागले. घरच्यांना वाटलं, दोन-दोन औषधं मारली म्हणजे काम पक्कं. बरोबर इथेच त्यांचे पैसे वाया गेले. जेल हे विष मिसळलेलं आमिष आहे. झुरळाने ते खायचं, आपल्या फटीत जाऊन मरायचं, मग त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खाऊन बाकीच्यांनी मरायचं, असं ते काम करतं. त्याच्या भोवती फवारणी केली की झुरळं तिकडे फिरकतच नाहीत. तीन महिन्यांनी त्या घरातली बिजागरी उघडून पाहिली तेव्हा जेलचा ठिपका जसाच्या तसा होता: वाळून कडक, तपकिरी, काचेसारखा चमकणारा, कडेला कुरतडल्याची एक खूण नाही. त्याच्यापासून बोटभर अंतरावर झुरळांच्या विष्ठेचे काळे बारीक कण मात्र ताजे होते.

नीट केलेलं जेलचं काम असं असतं. चार मोठे गोळे लावण्यापेक्षा ४-५ मिमीचे बरेच ठिपके लावायचे. ते बिजागरीच्या आतल्या बाजूला, ट्रॉलीच्या पट्टीच्या टोकाला, सिंकच्या कडेखाली, फ्रिजच्या मोटरजवळ, म्हणजे झुरळ दडतं तिथेच जायला हवेत. उघड्या भिंतीवर, टाइल्सच्या मधोमध लावलेले ठिपके दाखवण्यापुरते असतात. तेलकट जागा आधी पुसायची, नाहीतर ठिपका धरत नाही आणि झुरळाला खायला शेजारी दुसरं काही उरतं. नंतर त्या जागी फिनेल किंवा घरगुती स्प्रे मारायचा नाही. हे सांगायला तज्ज्ञाला दोन मिनिटं लागतात. ज्याने हे सांगितलं नाही, त्याला एकतर ठाऊक नाही किंवा फरक पडत नाही.

औषध घरातच, तुमच्यासमोर कालवायला सांगा. सीलबंद बाटली, तिच्यावरचं मूळ लेबल, त्यातल्या औषधाचं नाव आणि टक्केवारी यांचे फोटो काढा. मग साधा हिशेब करा. लेबलवर १ लिटर पाण्याला १० मिली लिहिलं असेल तर ५ लिटरच्या पंपात ५० मिली जायला हवं. मोजपात्र नसेल आणि बाटली अंदाजाने ओतली जात असेल तर काम थांबवा. पातळ केलेल्या औषधाने काम होत नाही, वर मेली नाहीत ती झुरळं ते पचवायला शिकलेली पिढी मागे ठेवतात. जास्त ओतलं तर त्रास घरातल्या लहान मुलांना आणि पाळीव जनावरांना. 'बिनवासाचं हर्बल' किंवा 'उग्र वास म्हणजे स्ट्राँग' या दोन्ही गोष्टींना अर्थ नाही. वास बहुतेक वेळा त्यातल्या द्रावकाचा असतो.

आता त्या तीन-तीन महिन्यांच्या फेऱ्या. आमच्या मते या कराराची मूळ लबाडी इथे आहे. जर्मन झुरळाच्या मादीच्या पोटामागे एक तपकिरी, बारीक रेघांची, ८ मिमीच्या आसपासची अंड्यांची डबी चिकटलेली असते. तीत साधारण ३० ते ४० पिल्लं असतात, आणि फवाऱ्याचं औषध तिच्या आत पोचत नाही. तीन-चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि उबदार स्वयंपाकघरात साधारण दोन महिन्यांत वयात येतात. म्हणजे पहिल्या फेरीनंतर नव्वद दिवसांनी येणारा माणूस पुढच्या पूर्ण वाढलेल्या पिढीला भेटतो. त्या घरात दुसऱ्या फेरीला नेमकं हेच झालं. 'ही शेजाऱ्यांकडून आली' असं उत्तर मिळालं आणि वर जादा पैसे घेऊन 'हेवी डोस' विकला गेला. जर्मन झुरळासाठी दुसरी फेरी पहिलीनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, गरज पडल्यास तिसरी तेवढ्याच अंतराने. त्यानंतर सापळे रिकामे असतील तर फवारायचं काहीच कारण नाही. सुरुवातीच्या दीड महिन्यात तीन फेऱ्या देणारा करार त्यामुळे वर्षभर विखुरलेल्या चार फेऱ्यांपेक्षा कितीतरी चांगला.

ढेकणांचंही असंच. अंडी उबायला सहा ते दहा दिवस लागतात, थंडीत जास्त. म्हणून १०-१४ दिवसांच्या अंतराने निदान दोन फेऱ्या लागतात, आणि पलंगाचे सांधे, गादीची शिवण, हेडबोर्डची मागची बाजू उघडल्याशिवाय काम होतच नाही. चादरी, अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे. 'एका फेरीत ढेकूण खलास' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहायला हवी. काही जण ढेकूण किंवा उंदरांसाठी बंद खोलीत राखाडी गोळ्या ठेवून जातात आणि 'दार लावून घ्या, एक दिवस उघडू नका' एवढंच सांगतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या धान्याच्या कोठारांसाठी, प्रशिक्षित माणसांनी वापरायच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, पाइपाच्या भोकांतून शेजारच्या खोलीत किंवा शेजारच्या घरात शिरतो, त्यावर उतारा नाही, आणि अशा प्रकारांत झोपेतल्या माणसांचे जीव गेले आहेत. राहत्या घरात कुणी या गोळ्यांची डबी काढली तर वाद घालत बसू नका, गोळी आत ठेवूच देऊ नका. आधीच ठेवली गेली असेल तर पाणी ओतू नका, हात लावू नका. सगळ्यांना, शेजाऱ्यांनाही, बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

वाळवीच्या नावावर तर सर्वांत मोठी रक्कम जाते. तिसऱ्या फेरीत त्या घरातल्या कपाटाखाली पिवळसर पावडर दाखवून 'वाळवी' म्हणून वेगळं बिल झालं. ती वाळवी नव्हती. लाकडाला दीड-दोन मिमीची गोल भोकं आणि खाली पिठासारखी पावडर म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा, त्याचा उपाय त्या फळीपुरता असतो. जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधत येते. खरी वाळवी दाराच्या चौकटीत होती, आणि तिच्यावर नुसता वरून फवारा मारला गेला. त्याने वर दिसणारे कामकरी किडे मरतात, जमिनीतलं वारूळ शाबूत राहतं. बांधलेल्या घरात फरशी आणि भिंत मिळते तिथे साधारण १२ मिमीची भोकं ३० सेंमी अंतराने पाडतात, प्रत्येकात जास्तीत जास्त १ लिटरपर्यंत द्रावण भरतात आणि भोक सिमेंटने बुजवतात. म्हणजे ३ मीटर भिंतीला दहा भोकं आणि १० लिटरपर्यंत द्रावण. औषध इमिडाक्लोप्रिड (वाळवीसाठी वापरलं जाणारं कीटकनाशक) ३०.५ टक्के असेल तर लिटरला २.१ मिली, म्हणजे दहा लिटरला २१ मिली. एकदा भरलेला ५ लिटरचा पंप आणि अर्धा तास यांत दोन खोल्यांचं वाळवीचं काम होत नाही, हे यावरूनच दिसतं. पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती पंखवाले किडे आले की 'वाळवी आली' म्हणून घाबरवलं जातं. आधी पंख बघा. चारही सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तरच वाळवी. पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक असेल तर त्या मुंग्या.

करारासोबत 'मोफत' मिळालेलं, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने किडे-उंदीर पळवतं म्हणून विकलं जाणारं अल्ट्रासॉनिक यंत्र वर्षभर भिंतीत दिवा लावून बसलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अशा यंत्रांच्या ६०हून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांचा शास्त्रीय पुरावा ठेवा अशी ताकीद दिली होती. त्या यंत्राची किंमत करारात धरलेलीच असते.

यातलं बरंचसं काम करार न करताही होतं. पाइप भिंतीत शिरतो तिथल्या फटी बुजवा. उंदराच्या छोट्या जातीला ६ मिमीची फट पुरते, म्हणून स्टीलची जाळी किंवा स्टील वूल कोंबून वर सिमेंट भरा, नुसता फोम उंदीर कुरतडतात. सिंकखालची गळती थांबवा: पाणी मिळत असेल तर जर्मन झुरळ अन्नाशिवाय महिनाभर काढतं, पाणीही नसेल तर दोन आठवडे जेमतेम. कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा, कारण डासाला अंड्यापासून उडेपर्यंत सात-दहा दिवस लागतात. मुंग्यांच्या रांगेवर स्प्रे मारू नका, रांगेजवळ आमिष ठेवा म्हणजे ते वारुळापर्यंत जाईल.

पावतीवर 'काम समाधानकारक' आधीच छापलेलं असतं. सही करण्याआधी त्याच कागदावर हाताने लिहा: औषधाचं नाव, टक्केवारी, किती मिली किती पाण्यात, कुठल्या खोल्या, येण्याची आणि जाण्याची वेळ. त्या घराकडे असं काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून तक्रार करताना हातात काही उरलं नाही.

फसवणूक झालीच असेल तर चार-सहा चिकट सापळे तारीख लिहून एक रात्र ठेवा, सकाळी फोटो काढा, आणि पंधरा दिवसांत पुन्हा काम करून द्या किंवा उरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत करा असं लेखी मागा. दुसऱ्या माणसाकडून काम करून घेणार असाल तर जुन्या फवारणीच्या जागा साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा, पूर्ण कोरड्या होऊ द्या, वाळलेलं जेल खरवडून काढा. नवं जेल त्यानंतरच लावू द्या, आणि पहिला सापळा फ्रिजच्या मोटरजवळ ठेवा.