१/३०० मापातली ब्रिटिश १ आर्मर्ड डिव्हिजन : आठ महिन्यांच्या खेळानंतर

युद्धखेळासाठी १९९१ च्या आखाती युद्धातली ब्रिटिश डिव्हिजन छोट्या मॉडेलांनी टेबलावर मांडायची म्हटली की पहिली ऑर्डर चॅलेंजर रणगाड्यांची जाते, आणि नेमके तेच जास्त होतात. आठ महिन्यांनी हिशोब केला तर निम्मे रणगाडे डब्यात पडून असतात. कमी पडतात ते इंजिनिअर, टेहळणीच्या गाड्या आणि इंधनाचे ट्रक.

कागदावरची रचना अशी : दोन ब्रिगेड, क्रमांक ७ आणि क्रमांक ४. ७ ब्रिगेडमध्ये रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स आणि क्वीन्स रॉयल आयरिश हुसार्स या रणगाड्यांच्या रेजिमेंट, प्रत्येकी ५७ चॅलेंजर; सोबत वॉरियर या चिलखती गाड्यांवर बसलेली पायदळाची बटालियन, १ स्टॅफर्डशायर. ४ ब्रिगेडमध्ये १४/२० किंग्ज हुसार्सचे ४३ चॅलेंजर आणि वॉरियरच्या दोन बटालियन : १ रॉयल स्कॉट्स व ३ फ्युझिलिअर्स. ५७ आणि ४३ हे आकडे कुठून येतात ते कळलं की पुढचं सोपं. एका स्क्वॉड्रनमध्ये ३ रणगाड्यांचे ४ ट्रूप आणि मुख्यालयाचे २, म्हणजे १४. अशा ४ स्क्वॉड्रन आणि कमांडिंग ऑफिसरचा १ मिळून ५७. ३ स्क्वॉड्रन असतील तर ४३.

एक मॉडेल म्हणजे एक ट्रूप, हे प्रमाण सगळ्यात चाललं. स्क्वॉड्रन मुख्यालयाला वेगळं मॉडेल देऊ नका. ते दर खेळात मागे उभं राहतं आणि शेवटी चारा म्हणून पुढे ढकललं जातं. पहिल्या ट्रूपच्या बेसवर अँटेनासाठी ब्रशचा एक केस चिकटवा, काम भागतं. या हिशोबाने, कमांडिंग ऑफिसरचं एक मॉडेल धरून, ५७ ची रेजिमेंट १७ मॉडेलांत बसते, ४३ ची १३ मॉडेलांत. वॉरियरची कंपनी ३ मॉडेलं आणि तितकेच पायदळाचे बेस. बटालियनच्या ३ कंपन्या आणि मुख्यालय धरून १० वॉरियर. म्हणजे ७ ब्रिगेडला ३४ रणगाडे व १० वॉरियर, तर ४ ब्रिगेडला १३ व २०.

आमचं स्पष्ट मत : आधी ४ ब्रिगेड घ्या. रंगकाम कमी आणि खेळ जास्त रंगतो, कारण रणगाडे मोजके असल्यामुळे कोणती स्क्वॉड्रन कोणत्या बटालियनला जोडायची याचा खरा विचार करावा लागतो. ७ ब्रिगेड नुसती पुढे सरकते आणि समोरचं सगळं पेटवते. दोन्ही ब्रिगेड एकाच टेबलावर आणायच्या भानगडीत पडू नका. प्रत्यक्षातही ७ उत्तरेकडून आणि ४ दक्षिणेकडून, अशा वेगळ्या वाटांनी पुढे गेल्या होत्या.

बेसचं माप ठरवताना हमखास चूक होते. चॅलेंजरची तोफ पुढे रोखलेली असताना लांबी साधारण ११.५ मीटर, म्हणजे या मापात ३८ मिमी. ३० मिमीच्या चौकोनी बेसवर नळी बाहेर येते आणि डब्यात ठेवताना पहिली तीच मोडते. ३०×४० चा २ मिमी एमडीएफ घ्या, किंवा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता मनोरा, तिरका वळवा. मोडलेली नळी परत चिकटवत बसू नका, ०.५ मिमी पितळी तार भोक पाडून बसवली की कायमची सुटका. रेझिनच्या थ्रीडी-प्रिंट मॉडेलांना हे सुरुवातीलाच केलेलं बरं.

सगळ्या गाड्या वाळूच्याच रंगाच्या, त्यामुळे तिसऱ्या चालीला कोणाची कोण ते कळेनासं होतं. बेसच्या मागच्या कडेला बॅटलग्रुपचा (एकत्र लढणाऱ्या रणगाडे-पायदळाच्या गटाचा) रंग लावा. टेबलावर अंथरायची मॅट गाड्यांपेक्षा दोन छटा गडद हवी. खाचांत उतरणारा तपकिरी रंग, म्हणजे वॉश, पाण्यात १ ला ४ पातळ करा, नाहीतर गाड्या चिखलात लोळवल्यासारख्या दिसतात. बाजूची उलट्या व्हीची काळी खूण ०.३ च्या पेनाने जमते. आणि पावसाळ्यात मॅट वार्निशचा स्प्रे मारू नका. दमट हवेत पांढरी भुकटी बसते, मग सगळं पुन्हा रंगवा.

आता खेळाबद्दल. १ सेंमी म्हणजे १०० मीटर धरलं तर ६ बाय ४ फुटांचं टेबल साधारण १८ बाय १२ किलोमीटर होतं. सपाट मॅटवर पहिल्याच चालीत सगळ्यांना सगळं दिसतं आणि चॅलेंजरच्या उष्णता टिपणाऱ्या थर्मल साइटपुढे इराकी टी-५५ रणगाड्यांचा खेळ दोन चालींत आटोपतो. वाळवंट सपाट नसतं. कोरड्या ओढ्यांची उथळ पात्रं, कमी उंचीच्या घड्या आणि मातीचे बांध टाका. दर चालीला फाशाने पाऊस, धूळ किंवा धूर ठरवा. त्या फेब्रुवारीत हवामान वाईटच होतं. वॉरियरच्या ३० मिमी रार्डन तोफेला स्थिरीकरण नव्हतं, म्हणून चालत्या गाडीतून मारा नाही, हा नियम ठेवाच. त्याशिवाय वॉरियर म्हणजे छोटा रणगाडा होऊन बसतो.

त्या युद्धात शत्रूच्या माऱ्याने एकही चॅलेंजर गेला नाही, त्यामुळे नष्ट केलेल्या गाड्या मोजून जय-पराजय ठरवला तर इराकी बाजू कोणी घेणार नाही. ब्रिटिशांना वेळेचं बंधन द्या, इंधन मोजा, आणि कैद्यांच्या प्रत्येक जथ्यामागे एक पायदळाचा बेस अडकवून ठेवा. अमेरिकन १ इन्फंट्री डिव्हिजनने इराकी बचावफळीत पाडलेल्या खिंडारातून बाहेर पडण्याचा डाव तर नक्की मांडा : ४ सेंमी रुंदीच्या वाटा, एका वाटेत एकच रांग. तोफखाना कुठे घुसवायचा यावरून होणारी भांडणं लढाईपेक्षा मजेदार असतात.

हवाई हल्ल्यात आपलीच माणसं मरण्याचा नियम वगळू नये. २६ फेब्रुवारीला अमेरिकन ए-१० विमानांच्या माऱ्यात फ्युझिलिअर्सच्या दोन वॉरियर गेल्या, ९ सैनिक ठार झाले. लक्ष्यापासून १० सेंमीत आपली गाडी असेल तर फासा टाका; १ पडला की हल्ला तिच्यावर. एवढ्यानेच खेळाडू विमानं जपून बोलावतात.

पुढची खरेदी करायची झाली तर १६/५ लान्सर्सच्या टेहळणीच्या सिमिटर आणि क्षेपणास्त्रवाल्या स्ट्रायकर गाड्या ६-७, चिफ्टन एव्हीआरई (इंजिनिअरांचे रणगाडे) ३, एमएलआरएस (रॉकेट सोडणाऱ्या गाड्या) २ आणि ट्रक निदान ८. चॅलेंजर नको.