सीट पिशवीतून नेणं थांबलं: पाचकोनी चावीचे अकरा महिने

मागच्या वर्षी जून आणि जुलै असे दोन महिने मी डोंबिवली ते सीएसएमटी रोज सायकलचं सीट सोबत घेऊन गेलो. बसायला मिळालं तर मांडीवर, नाहीतर वरच्या रॅकवर. सीटपोस्टचं (सीटखालच्या दांड्याचं) ग्रीस एकदा एका गृहस्थांच्या डब्याच्या पिशवीला लागलं, तेव्हापासून सीटला प्लास्टिकची पिशवीही आली. कारण मे महिन्यात स्टेशनबाहेर लावलेल्या सायकलचं सीट गेलं होतं. सायकल जागेवर, कुलूप जागेवर आणि सीटच्या ठिकाणी नुसती उघडी नळी. एमआयडीसी निवासी विभागापर्यंतचे तीन किलोमीटर उभ्याने पेडल मारत आलो. तिशीत हसण्यावारी नेलं असतं, पण पन्नाशीत दोन दिवस जिना उतरताना आई आठवली.

चोराला साधा पानासुद्धा लागला नव्हता. क्विक रिलीजची दांडी उघडायची, सीट वर ओढायचं, झालं काम. चाकांचंही तेच. तुल्लिओ काम्पान्योलो या इटालियन सायकलपटूने 1930 च्या सुमारास ही युक्ती आणली ती शर्यतीत चाक झटपट काढता यावं म्हणून. आपण शर्यतीत नाही, स्टेशनबाहेर आठ-दहा तास सायकल सोडून जाणारी माणसं. वडिलांच्या अॅटलासला चाकाचे नट होते आणि ते सोडवताना मालकाचाच घाम निघायचा. तिची चाकं कधी गेली नाहीत. डायनॅमो आणि पंप मात्र गेले.

ऑगस्टमध्ये ऑनलाइन संच मागवला: दोन चाकांचे स्क्यूअर (चाकाच्या मधून आरपार जाऊन ते घट्ट धरणाऱ्या दांड्या), सीटच्या क्लॅम्पचा एक बोल्ट आणि या तिघांना मिळून एक पाचकोनी चावी. साडेआठशे रुपये. पहिली चूक इथेच झाली. पुढच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी 100 मिलिमीटर, ते जुळलं. पण मागचा स्क्यूअर 130 च्या रोड सायकलचा आला, आणि माझी हायब्रिड 135 ची. बसला खरा, पण नटात जेमतेम तीन आटे धरत होते. चाक तीन आट्यांच्या भरवशावर सोडायचं नसतं, म्हणून परत पाठवून 135 चा घेतला. मागवण्याआधी घरी पट्टीने मोजा. चाक जिथे बसतं त्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजलं की झालं, पुढचंही आणि मागचंही.

डिस्क ब्रेकवाल्यांनी आणखी एक बघावं. पुढचा डिस्क ब्रेक दाबला की ऍक्सलवर (चाकाच्या आसावर) बाहेर ढकलणारा जोर येतो. त्यामुळे स्क्यूअरची दांडी पोलादी हवी आणि नट शक्यतो अॅल्युमिनियमचा नको. आणि स्क्यूअरवरच्या दोन छोट्या शंकूसारख्या स्प्रिंगांचं निमुळतं तोंड आतल्या बाजूला, हबकडे. आमच्या मेकॅनिकने उलट्या घातल्या होत्या, मग चाक सरळ बसेना आणि तो हबला शिव्या घालत राहिला.

संच बसल्यावर मला चेवच आला. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत क्रॉफर्ड मार्केट ओलांडून नागदेवी स्ट्रीटला गेलो आणि मधोमध खुंटी असलेले टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचे) बोल्ट घेऊन आलो, स्टेनलेसचे, एम-5. बाटलीचा पिंजरा, दिव्याची पट्टी आणि कॅरिअर यांना ते लावले. याला लागणारं बिट टी-25, तेही भोक पाडलेलं. डिस्क ब्रेकच्या चकतीला (रोटरला) साधा टी-25 असतो, त्यामुळे तो पाना बाळगणारे बरेच सापडतील, पण खुंटीमुळे तो आत शिरत नाही. आता खरं सांगतो: ज्या दुकानात बोल्ट मिळाले, तिथेच भोकाच्या बिटांचा अख्खा डबा दीडशे रुपयांत टांगलेला होता. म्हणजे यात गुपित काहीच नाही. स्टेशनबाहेरचा भुरटा चोर खिशात बिटांचा डबा घेऊन फिरत नाही, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे.

स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट मी बदलले नाहीत आणि तुम्हीही बदलू नका. तिथले मूळ काळे बोल्ट अनेकदा 12.9 सारख्या जास्त ताकदीच्या ग्रेडचे असतात. बाजारातलं साधं स्टेनलेस त्याच्या जवळपासही नसतं. हँडल चोरीला गेलं तर पैसे जातात, पण उतारावर बोल्ट तुटला तर दात जातात.

सीटपोस्ट सुरक्षित झाला तरी त्याच्यावरचं सीट सहाच्या नाहीतर पाचच्या (मिलिमीटर) अॅलनने, म्हणजे साध्या षटकोनी पान्याने, सुटतंच, हे माझ्या लक्षात आलं ते सप्टेंबरमध्ये. माझ्या सीटचा बोल्ट पाचचा. यावर जुना स्वस्त उपाय आहे. सायकलच्या पुढच्या हबमध्ये बहुधा जो 3/16 इंची छर्रा असतो तो पावणेपाच मिलिमीटरचा, पाचच्या अॅलनच्या भोकात नेमका उतरतो. छर्रा टाकायचा आणि वर मेण ओतायचं. मी शहाणपणा करून मेणाऐवजी एम-सील भरलं. महिनाभराने सीटचं नाक जरा खाली करायचं होतं, तर दाभण, स्क्रूड्रायव्हर आणि शेवटी शेजारच्या सुतारांचा ड्रिल असा दोन तासांचा कार्यक्रम झाला. बोल्ट गेला, छर्रा गेला, एम-सील मात्र शेवटपर्यंत शाबूत. आता मेणच आहे. उदबत्तीच्या टोकाने तापवलं आणि फ्रिजवरचं चुंबक लावलं की छर्रा बाहेर.

चावीची गोष्ट सांगायलाच हवी. ऑक्टोबरमध्ये रात्री नऊला घरडा सर्कलजवळ मागचं चाक बसलं आणि चावी घरी दुसऱ्या पँटच्या खिशात. पंक्चरवाला हसला. "काका, चाक कशाला काढायचं?" त्याने टायर एका बाजूने उघडून ट्यूब बाहेर ओढली, चिकटवली, पुन्हा आत कोंबली. मला वाटलं, आपण उगाच घाबरलो. पण नोव्हेंबरात ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली. तिथे पॅच बसत नाही, ट्यूब बदलावीच लागते आणि त्यासाठी चाक उतरवावं लागतं. या वेळी चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. पंक्चरवाल्याने स्क्यूअरच्या डोक्याकडे नीट वाकून पाहिलं, पक्कड लावली, ती दोनदा सटकली, आणि म्हणाला, "हा बोल्ट कुठल्या देशाचा आणलात?" चोरापासून केलेला बंदोबस्त माझ्यावरच तंतोतंत लागू पडला होता. सायकल ढकलत घरी. तेव्हापासून एक चावी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे आणि जादा मागवलेली दुसरी पंक्चरवाल्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेली. चावी तिऱ्हाइताकडे ठेवावी का, असं मुलीने विचारलं. पाच वर्षं तो माझ्या ट्यूबा बघतोय. चाक हवं असतं तर कधीच नेलं असतं.

जानेवारीत बर्लिनहून आलेल्या भाचीने अॅलनच्या भोकात बसणारी चुंबकाची छोटी टोपी आणली. कल्पना सुंदर: टोपी भोकात स्वतःच चिकटते, तिच्या चावीशिवाय निघत नाही. पुढे स्टेमला लावायला घेतली, तिथे बसली. सीटच्या बोल्टमध्ये चिकटेचना, कारण ड्रिल प्रकरणानंतर मी तिथे स्टेनलेस टाकला होता आणि नेहमीच्या ए-2 स्टेनलेसला चुंबक धरत नाही. काळ्या पोलादाचा बोल्ट घातला, मग बसली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच काळा बोल्ट तांबूस झाला. डोंबिवलीच्या पावसात चुंबक हवं की गंज नको, यातलं एकच मिळतं. सध्या दर पंधरा दिवसांनी ग्रीसचं बोट फिरवतो.

चोर आला होता का? एकदा तरी नक्की. फेब्रुवारीत मागच्या स्क्यूअरच्या डोक्यावर पक्कडीचे ताजे ओरखडे दिसले, रुपेरी, एकाच दिशेने. पलीकडच्या एका सायकलचं पुढचं चाक त्याच दिवशी गेलं होतं. तिला क्विक रिलीज होतं. त्या बिचाऱ्याच्या चाकावर माझं चाक वाचलं, असंच म्हणावं लागेल. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

कोणी विचारेल, सायकल आडवी केल्याशिवाय उघडत नाही असाही नट मिळतो, तो का नाही घेतला? कधी संध्याकाळी सातला आमच्या स्टेशनबाहेर येऊन बघा. निम्म्या सायकली आडव्याच असतात.

अकरा महिन्यांनंतर चाकांचे दोन्ही स्क्यूअर घट्ट आहेत, आटे शाबूत आहेत. तक्रार एकच: पुढच्याच्या पाच कोपऱ्यांपैकी दोन किंचित गोलावलेत, कारण मी सुरुवातीला चावी तिरकी धरून जोर लावायचो. आणखी एक कोपरा गेला की ते चाक मलाही काढता येणार नाही. त्याच्याआधी, म्हणजे गणपतीपर्यंत, पुढचा स्क्यूअर बदलायचा आहे. या वेळी मोजून.