वाचनवही कोणती घ्यावी: छापील चौकटी, शिवलेली वही की सुटी पानं

वर्गात शिकलेल्या कथा-कवितांबद्दल विद्यार्थ्याने स्वतःला जे वाटलं ते लिहून ठेवायचं, यासाठी वह्यांचे तीन प्रकार मिळतात आणि चौथा पर्याय फोनचा. निकाल आधीच सांगून टाकतो. साधी, दोऱ्याने शिवलेली, आखीव, २०० पानी वही घ्यावी आणि तिचं डावं-उजवं पान जोडीने वापरावं. ‘वाचननोंद’ म्हणून चौकटी छापून मिळणारी वही दिसायला देखणी असते, भेट द्यायलाही बरी, पण या कामाला ती घेऊ नये.

पारख करताना एकच गोष्ट पाहायची. कविता पहिल्यांदा वाचली की एक वाटतं. तासाला बाईंनी किंवा सरांनी उलगडून दाखवली की दुसरं वाटतं. महिन्याभराने पुन्हा वाचली की कधी तिसरंच काही दिसतं. ही तिन्ही मतं एकाच जागी, एकमेकांना न पुसता आणि मूळ ओळीच्या शेजारी राहिली पाहिजेत. ज्या वहीत दुसऱ्या वाचनाला जागाच नाही, तिचा कागद कितीही गुळगुळीत असला तरी ती मननाच्या कामाची नाही.

छापील चौकटींची वही इथेच मार खाते. तिचं पान साधारण असं असतं: वर पुस्तकाचं नाव, लेखक, वाचायला सुरुवात केल्याची आणि संपवल्याची तारीख, पाच चांदण्या, मग ‘थोडक्यात कथानक’, ‘आवडतं पात्र’, ‘आवडलेलं वाक्य’ आणि तळाशी ‘मला काय शिकायला मिळालं’. सगळ्यात मोठी चौकट बहुतेक वेळा कथानकाची. त्यामुळे जोर तिथेच खर्ची पडतो, आणि कथानक तर पुस्तकात आहेच. ‘आवडतं पात्र’ ही चौकट कवितेपुढे गोंधळते, कारण अनेक कवितांत पात्रच नसतं. ‘मला काय शिकायला मिळालं’ ही तर सगळ्यात घातक. तात्पर्य काढायलाच हवं म्हटल्यावर विद्यार्थी ‘कष्टाचं फळ मिळतं’ छापाचं वाक्य लिहून मोकळा होतो, मग कथेत कष्ट वाया गेलेले का दाखवले असेनात. चांदण्यांचंही तसंच. पाचपैकी तीन दिल्या की मत झालं असं वाटतं, कशाला दोन कापल्या हे लिहायचं राहून जातं. शिवाय ‘आवडलेलं वाक्य’ एका चौकटीत आणि त्याबद्दलचं मत दुसऱ्या कोपऱ्यात असल्यामुळे ओळ आणि मत यांची गाठच पडत नाही. एक गुण मात्र मान्य करायला हवा: ज्याला कोरं पान पाहून हात आखडतो, त्याला चौकटी सुरुवात करून देतात. अशी वही हाती असलीच तर कथानकाच्या चौकटीवर पांढरा कागद चिकटवून तिथे प्रतिसाद लिहावा.

आता शिवलेली वही. दुकानात तीन गोष्टी बघायच्या. पहिली बांधणी. वही मधोमध उघडून घडीत डोकावायचं. काही पानांच्या अंतराने घडीत दोरा दिसला तर वही शिवलेली आहे आणि सपाट उघडी राहील. दोरा कुठेच नसेल, फक्त पाठीला गोंद असेल, तर सपाट उघडायचा प्रयत्न केल्यावर काही आठवड्यांत पानं सुटू लागतात. मधोमध पिना मारलेली वही १०० पानांपर्यंत चालते. २०० पानी असेल तर पिनांपाशी ताण येऊन मधली जोडपानं फाटतात. तारेच्या वळ्यांची वही सपाट उघडते खरी, पण उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पानावर वळी हाताला टोचतात, आणि या पद्धतीत दोन्ही पानं सारखीच वापरायची असतात.

दुसरी गोष्ट आकार. ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. दप्तरात सोपा, पण मोठं अक्षर असेल तर उजवं पान लवकर संपतं. ए४ म्हणजे २१० बाय २९७. एवढं पान समोर आलं की ते भरायचं म्हणून कथानक ओतलं जातं. दोन्हींच्या मधला बी५, १७६ बाय २५० मिलिमीटर, या कामाला सगळ्यात सोयीचा. ओळींमधलं अंतर ८ मिलिमीटर असावं. ६ मिलिमीटरच्या आखणीत रोमन अक्षरं बसतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार लागतात, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो आणि महिन्याने स्वतःचंच अक्षर लागत नाही. ८ मिलिमीटर आखणीच्या बी५ पानावर साधारण २८ ओळी येतात.

तिसरी गोष्ट कागदाची जाडी. दोन्ही बाजूंनी लिहायचं असल्यामुळे दर चौरस मीटरला ८० ग्रॅमपेक्षा पातळ कागद नको. ७० ग्रॅमच्या कागदावर जेल पेनाचं अक्षर पाठीमागे दिसतं. शाईचं पेन वापरत असाल तर ९० ते १०० ग्रॅम घ्या. जाडी छापलेली नसेल तर घरी आल्यावर शेवटच्या पानावर आपल्या पेनाने तीन रेघा जोरात ओढून पान उलटून पाहावं. मागे नुसती सावली दिसली तर चालेल. ठिपके उमटले तर पेन बदलावं.

वापरण्याची पद्धत अशी. पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी सोडायची आणि सगळ्या पानांना आकडे घालून घ्यायचे. डाव्या पानावर फक्त मूळ मजकूर: ओळ जशीच्या तशी, विरामचिन्हांसकट, पान आणि ओळीचा क्रमांक लिहून. एका जोडपानावर दोन ते चार उतारे पुरेत. अख्खं कडवं उतरवणं म्हणजे निवड टाळणं. उजव्या पानावर प्रतिसाद, पण वरच्या १४ ओळींतच. खाली ७ ओळी तासानंतरच्या नोंदीला आणि शेवटच्या ७ दुसऱ्या वाचनाला मोकळ्या ठेवायच्या. त्या मोकळ्या ओळी बघवत नाहीत म्हणून बरेच जण भरून टाकतात. तो मोह आवरायचा. कवितेला एक जोडपान लागतं, कथेला एक किंवा दोन, कादंबरीला दर ३०-४० पानांमागे एक. म्हणजे २४० पानांच्या कादंबरीला सहा ते आठ जोडपानं होतात.

दोन पानांवर एकमेकांशी बोलणाऱ्या नोंदी ठेवायची ही रीत अमेरिकन अध्यापिका ॲन बर्थॉफ यांनी १९८० च्या दशकात लेखन शिकवताना रुजवली. तिच्यामागचा विचार त्याहून जुना. वाचकाच्या अनुभवाशिवाय साहित्यकृती पुरी होत नाही, हे अमेरिकन साहित्य-अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ मध्येच मांडलं होतं. पण अनुभव म्हणजे काहीही चालेल असं त्यांनी म्हटलं नव्हतं, मजकुराचा आधार त्यांना हवाच होता. डावं पान त्या आधारासाठी असतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. समजा कथेत असं वाक्य आहे: ‘आजी गेल्यावर आईने पहिल्यांदा स्वयंपाकघराची खिडकी उघडली.’ ते डाव्या पानावर गेलं. उजवीकडे पहिली नोंद: ‘वाईट वाटलं. पण आईला मोकळंही वाटलं असेल.’ तासानंतर: ‘वर्गात चर्चा झाली की खिडकी म्हणजे आईचं स्वातंत्र्य.’ तीन आठवड्यांनी: ‘“पहिल्यांदा” या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. म्हणजे आजी होती तोवर खिडकी बंदच असायची. पण ती आजीने बंद ठेवायला लावली होती असं कथेत कुठेच नाही. मीच ते धरून चाललो. कदाचित आजीला वारा सोसत नसेल आणि आईच जपत असेल. मग खिडकी उघडणं हे सुटका नसून आता जपायला कुणी उरलं नाही याची जाणीव आहे.’ तिसरी नोंद लिहिता आली ती पहिल्या दोन समोर होत्या म्हणून. छापील चौकटीत पहिल्याच नोंदीवर पडदा पडला असता.

बिघडतं कुठे, हेही माहीत हवं. सगळ्यात जास्त बिघडतं ते आठवणींनी. कवितेत पाऊस आला की स्वतःच्या पावसाळी सहलीवर पानभर लिहिलं जातं आणि कविता बाजूला राहते. केंब्रिजमध्ये इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या, त्यांचे लेखी प्रतिसाद गोळा केले आणि १९२९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. वाचनात आडव्या येणाऱ्या ज्या अडचणी त्यांनी नोंदवल्या, त्यांत असंबद्ध आठवणी होत्या, ठरावीक साच्याचे प्रतिसाद होते, भावनेचा अतिरेकही होता. आजच्या कुठल्याही वर्गातल्या वह्या चाळल्या तरी हेच सापडेल. उपाय आठवण खोडण्याचा नाही. ती दोन ओळींत लिहावी आणि लगेच खाली ‘कवितेतल्या कोणत्या शब्दाने ही आठवण जागी केली?’ याचं उत्तर द्यावं. शब्द सापडला तर आठवण कामाची. नाही सापडला तर ती वेगळ्या वहीत लिहायची गोष्ट.

दुसरा बिघाड ‘मला ही कविता खूप आवडली’ या वाक्याचा. ते लिहायला हरकत नाही, पण त्यापुढे ‘कारण’ आणि डाव्या पानावरच्या एका तरी ओळीचा क्रमांक आलाच पाहिजे. न आवडल्याचंही असंच. ‘कंटाळवाणी आहे’ याऐवजी ‘तिसऱ्या कडव्यात तीच प्रतिमा पुन्हा आली आणि मी तिथे थांबलो’ हे लिहिलं की त्याच्यावर बोलता येतं. मुलं न आवडल्याचं लिहायला कचरतात, आणि खरं तर वहीतली सगळ्यात प्रामाणिक पानं तिथेच जन्माला येतात.

तिसरा बिघाड वेळेचा. पहिली नोंद तास व्हायच्या आधी, वाचून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवी. तास झाल्यावर ‘माझं मत’ म्हणून जे उतरतं त्यात शिकवणाऱ्याचे शब्द इतके मिसळलेले असतात की कुठलं कुणाचं ते विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही. म्हणून शाईचे रंग वेगळे ठेवावेत: पहिली नोंद निळी, तासानंतरची काळी, दुसऱ्या वाचनाची हिरवी. प्रत्येक नोंदीला तारीख हवीच.

पेनाबद्दल एक सावधगिरी. मागच्या रबराने घासून अक्षर नाहीसं करणारी जेल पेनं या वहीत वापरू नयेत. त्यांची शाई उष्णतेने रंग सोडते. घासल्याची ऊब तिला पुरते, तशीच उन्हात उभ्या गाडीत वही राहून ६० अंश सेल्सियसच्या आसपास तापली तरी अक्षर नाहीसं होतं. शिवाय चुकलेलं मत खोडायचंच नाही. एक आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. पाठ्यपुस्तकात खुणा करायला एचबी पेन्सिल पुरे.

सुट्या पानांची, कड्यांची फाइल दुसऱ्या क्रमांकावर. एकाच कवितेवर पाच वाचनं करायची असतील, प्रकल्प लिहायचा असेल, तर मध्ये पानं घालता येणं ही मोठी सोय आहे. अडचण भोकांची. दोन भोकांची प्रमाणित फाइल ८० मिलिमीटर अंतरावर ६ मिलिमीटरची भोकं मागते, आणि रोज उघडझाप केली की पातळ पानं तिथेच फाटतात. भोकांभोवती चिकट कडी लावावी लागते. आणि सुटं पान हरवलं तर बहुधा पहिलीच नोंद जाते, जी पुन्हा लिहिता येत नाही.

फोनवर लिहिण्याचा फायदा शोधण्यात. ‘खिडकी’ टाकलं की वर्षभरातल्या सगळ्या खिडक्या समोर. तोटा असा की जुनं मत दुरुस्त करताना ते पुसलं जातं. फोन वापरायचाच असेल तर जुन्या नोंदीला हात न लावता खाली तारीख घालून नवी लिहावी, आणि ओळी उतरवताना पानाचा फोटो न काढता हाताने टाइप कराव्यात. एकेक शब्द लिहिताना ‘पहिल्यांदा’ सारखा शब्द नजरेत येतो, फोटोत तो निसटतो.

वही तपासणाऱ्यांनाही एक विनंती. उजव्या पानावर लाल शाईने ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहू नका. एकदा लिहिलंत की पुढची पानं तुमच्यासाठीच लिहिली जातात. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आणि प्रश्न सुट्या चिठ्ठीवर लिहून त्या पानात ठेवा. गुण द्यायचेच असतील तर तीन गोष्टी मोजा: उतारे क्रमांकासह आहेत का, पहिली नोंद तासाच्या आधीच्या तारखेची आहे का, आणि खालच्या सात ओळींत पहिल्या मताला काही झालं का.