भिगवणची फ्लेमिंगो बोट : कुंभारगावचा अनुभव

डिसेंबर लागला की ओळखीतले सगळे विचारायला लागतात, भिगवणला जायचंय, बोट कुणाची करू, कधी जाऊ, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतेय. आम्ही घरचे बऱ्याच वर्षांपासून जातो, डिकसळच्या बाजूनं पण बोट केलीय आणि कुंभारगावातून पण, पण ह्या फेब्रुवारीत कुंभारगावच्या ज्या नावाड्याबरोबर गेलो तसा अनुभव आधी कधीच आला नव्हता.

आधी कधी जायचं ते सांगते कारण निम्मे लोक तिथंच फसतात. भिगवण म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा, भीमेचं पाणी. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ असतं तेव्हा फ्लेमिंगोंना उभं राहायला जागाच नसते, त्यांना गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो. पाणी सोडायला लागले की हळूहळू काठ उघडे पडतात, गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, सुरू होते आणि मग ते येतात. त्यामुळे ज्या वर्षी पाऊस जोरात झाला त्या वर्षी ते उशिरा येतात, नोव्हेंबरात जाऊन "काहीच नव्हतं" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. जानेवारीचा शेवट ते मार्च बेस्ट. निघायच्या आदल्या दिवशी नावाड्याला फोन करून विचारा पक्षी कुठल्या बाजूला आहेत, ते खरं सांगतात.

पुण्यातून सोलापूर हायवेनं शंभर-सव्वाशे किलोमीटर पडतं, पहाटे चारला निघालो तर उजाडायच्या आत पोचतो. भिगवण मागं टाकून पुढं गेलं की डावीकडं कुंभारगावाकडं आत वळायचं. आतला रस्ता अरुंद आहे, ऊसाचे ट्रॅक्टर समोर आले की थांबावं लागतं.

आता बोटीबद्दल. मच्छीमारीचीच बोट असते, बसायला फळ्या, वर सावली नाही. लाईफ जॅकेट न मागता दिली आणि सगळ्यांनी घातल्याशिवाय नावाडीदादांनी बोट हलवलीच नाही, मला हे फार आवडलं. सोबत आई होती, तिला गुडघ्याचा त्रास, आणि काठावर चिखल होता, तर दादांनी फळी टाकली, स्वतः पाण्यात उतरून हात धरून तिला बसवलं, "मावशी, घाई नका करू, पक्षी कुठं जात नाहीत" म्हणाले. ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत त्यांनी फोनवर आधी सांगून ठेवा म्हणजे ते जरा बरा काठ बघून बोट लावतात.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ती गोष्ट. थवा बराच लांब होता तेव्हाच दादांनी इंजिन बंद केलं आणि बांबूनं बोट ढकलत आडव्या दिशेनं नेली, सरळ त्यांच्या अंगावर नाही. म्हणाले "आता बोलू नका ताई, मान वर झाली की समजायचं ते घाबरलेत, मग आपण थांबायचं." आणि खरंच थांबले. आम्ही किती वेळ तिथं होतो कळलंच नाही, एकही पक्षी उडाला नाही, सगळे माना खाली घालून चरत होते. चोच उलटी पाण्यात घालून जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडांच्या जाळीतून ते गाळून शेवाळ आणि बारीक किडे तेवढे ठेवायचे, पिठाच्या चाळणीसारखं काम चालतं ते, आणि त्या खाण्यातल्या रंगद्रव्यामुळेच पंख गुलाबी होतात. मध्ये मध्ये राखाडी पिल्लं होती, लोकांना वाटतं वेगळा पक्षी आहे, पण ती ह्यांचीच, रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. इथं येतात ते मोठे रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो), जवळजवळ छातीएवढी उंची, ठाण्याच्या खाडीत दिसतात ते जास्त करून छोटे.

मागे एकदा दुसऱ्या एका बोटीत बसलो होतो तिथं नेमकं उलटं झालेलं. बोटीतल्या दोघांना उडतानाचा फोटो पाहिजे होता, नावाड्यानं इंजिन वाढवून सरळ थव्यात घातली. फोटो मिळाले. पण हा जड पक्षी आहे, त्याला उडायला आधी पाण्यावर पळत जावं लागतं, प्रत्येक वेळी असं उठवलं की खाण्याचा वेळ गेला आणि अंगातली ताकद पण गेली, आणि सकाळभर एकामागून एक बोटी असंच करत राहिल्या तर त्यांनी खायचं कधी? माझं मन इतकं खट्टू झालं होतं की त्या वर्षी परत जायचंच नाही असं ठरवलेलं. नावाड्यांना दोष देऊन पण उपयोग नाही, धरणात जमिनी गेलेली गावं आहेत ही, मासेमारी आणि आता हे पर्यटन, आपण मागतो तेच ते देतात. आपणच बसताना सांगायचं की दादा, उडवू नका. कुरवांना (सीगल) शेव-फरसाण टाकणं पण तसलंच, ते पक्षी मासे खाणारे आहेत, पोरांना मजा वाटते म्हणून करू नका प्लीज.

फ्लेमिंगोशिवाय पण भरपूर आहे. पट्टकदंब दिसले, हिमालय ओलांडून येणारे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. चित्रबलाक, चमचे, शेकाटे, राखी बगळे, नदी सुरय, आणि खांबावर मासा धरून बसलेला ऑस्प्रे. दादांना मराठी आणि इंग्लिश दोन्ही नावं येतात, नुसत्या उडण्यावरून ओळखतात. दुर्बीण नेत असाल तर ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी) न्या, १० पटवाली बोटीत फार हलते. आणि उन्हाकडं पाठ राहील अशी बोट लावायला सांगा.

कमी काय वाटलं तर टॉयलेट, काठावर नाही, गावात कुणाच्या तरी घरी किंवा हॉटेलात जावं लागतं, बायकांनी हे धरूनच निघा. पाण्याचा वास पण येतो, उन्हाळ्याकडं जास्त, पाणी हिरवंगार असतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून शेवटी इथंच येतं, हे बघून आपल्यालाच वाईट वाटतं. दर माणशी नसून बोटीमागे होता, तो फोनवरच ठरवून घ्या आणि वेळ किती ते पण.

परत आल्यावर नावाड्याच्याच घरी जेवलो, चिलापी फ्राय, रस्सा, ज्वारीची भाकरी. मासा सकाळी पकडलेला, चुलीवरचा रस्सा झणझणीत, आईसाठी वेगळं पिठलं करून दिलं. जेवण सकाळी निघतानाच सांगावं लागतं.

दिवस मोकळा असेल तर दुपारनंतर कडबनवाडीचं माळरान करा, इंदापूर तालुक्यातच आहे. चिंकारा, भोवत्या (शिकारी पक्षी), नशीब असेल तर लांडगा. वनखात्याची सफारी आहे, ऑनलाईन बुकिंग आधी करावं लागतं. संध्याकाळी हायवेनं परत येताना ज्वारीच्या रानांवर भोरड्या पक्ष्यांचे थवे दिसले तर गाडी बाजूला घ्या, पण शेतकऱ्याच्या पिकात उतरू नका.