बेल्टच्या परीक्षेचे पैसे भरण्याआधी पालकांनी हे वाचावं

नाशिकमधल्या एका कराटे क्लासने माझ्या मुलीला चार वर्षांत पांढऱ्या बेल्टवरून ब्राऊनपर्यंत नेलं, प्रत्येक रंगाचे पैसे घेतले आणि तिला कराटे शिकवलंच नाही. तक्रार चालू असल्यामुळे क्लासचं नाव लिहीत नाही. पण हीच पद्धत वापरणारे क्लास गावोगावी आहेत, म्हणून ती नीट सांगते.

मुलगी दुसरीत असताना तिच्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळचा क्लास सुरू झाला. फी महिन्याला आठशे. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा: यलोला सातशे रुपये, मग वाढत वाढत ब्राऊनला अडीच हजार. मध्येच ‘टिप’ आल्या, म्हणजे यलो आणि ऑरेंजच्या मध्ये यलोवरच ऑरेंज पट्टी. तिची परीक्षा वेगळी, फी वेगळी. लहान मुलांचा उत्साह टिकावा म्हणून चांगले क्लाससुद्धा अशा पट्ट्या देतात आणि परीक्षेची फी घेणं हा काही गुन्हा नाही. पैशांच्या बदल्यात परीक्षाच होत नव्हती, हा माझा आक्षेप आहे.

ऑरेंज बेल्टच्या दिवशी मी हॉलमध्ये थांबले होते. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच टेबलावर सर्टिफिकेटांचा गठ्ठा तयार होता. सगळ्यात वर माझ्या मुलीच्या मैत्रिणीचं नाव, पुढे ‘ग्रेड ए’, खाली सही आणि शिक्का. ती पोरगी अजून बूट काढत होती! मग मुलांना रांगांमध्ये उभं केलं, थोडे पंच, थोड्या किक, मोठ्याने ‘किआई’ अशी आरोळी, आणि टाळ्या. एकट्याने काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, कुणालाच करायला लावला नाही. त्या दिवशी एक मुलगा तापाने आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने पैसे दिले आणि बेल्ट घरी नेला. मी सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, लहान मुलांना नापास केलं तर ती क्लास सोडतात. आणि आपण वर्षभर बघतोच ना त्यांना.”

क्लासच्या बोर्डवर ‘शोतोकान’ लिहिलं होतं. या शैलीत काय कधी शिकायचं याचा क्रम ठरलेला आहे. रंगीत बेल्टच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात, नववा किंवा दहावा क्यू सगळ्यात खालचा, पहिला सगळ्यात वरचा. या वाटेवर हेइआन शोदान, निदान, सांदान, योंदान, गोदान हे पाच काता एकामागून एक येतात, मग तेक्की शोदान, पुढे बस्साई दाईसारखे मोठे काता. ब्राऊनमध्येच साधारणपणे तिसरा, दुसरा आणि पहिला असे तीन क्यू असतात. त्यानंतर पहिला दान, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली पायरी.

यातली खरी गोम अशी की क्यूचे बेल्ट बहुतेक ठिकाणी क्लासचे सर स्वतःच देतात. दानसाठी मात्र मूळ संस्थेचे परीक्षक लागतात. म्हणजे ब्राऊनपर्यंत सरांवर बाहेरचं कुणीच नजर ठेवत नाही, आणि आमच्या क्लासने सगळी कमाई तिथेच केली.

पालकांच्या मीटिंगमध्ये सर सांगायचे की बेल्टचे हे रंग हजार वर्षांची परंपरा आहे, त्यात प्रश्न विचारायचे नसतात. हे धादांत खोटं आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदोची कोदोकान ही शाळा काढली आणि 1883 मध्ये दोन शिष्यांना पहिल्यांदा दान दिला. ही श्रेणीची कल्पना त्यांनी ‘गो’ या पटावरच्या खेळातून घेतली. कराटेत शोतोकान शैलीचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी पहिले दान 1924 मध्ये दिले. रंगीबेरंगी बेल्ट तर युरोपात रुळले, 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशींमुळे ते पसरले. माणसांनी सोयीसाठी केलेली ही व्यवस्था आहे आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

मुलगी पाचवीत गेली तेव्हा ‘ब्लॅक बेल्ट पॅकेज’ आलं. चोवीस हजार, दोन हप्त्यांत. सोबत जपानचं सर्टिफिकेट, आणि दहावीला ब्लॅक बेल्टचे क्रीडा गुण मिळतील असं तोंडी आश्वासन. पहिला हप्ता सरांच्या स्वतःच्या यूपीआयवर गेला. पावती मागितली की “पुढच्या वेळी”.

क्रीडा गुणांचं विचारायला मी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे समजावलं: हे गुण मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या सहभागाचे किंवा यशाचे असतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो, बेल्टच्या कागदाला त्यात जागा नाही. शालेय स्पर्धांत गटसुद्धा वय आणि वजनावर पडतात, बेल्टच्या रंगावर नाही.

मग पॅकेजमधलं सर्टिफिकेट कसं असेल याचा नमुना मी नीट पाहिला. जपानचा झेंडा, एक वाघ, चकचकीत होलोग्राम, नावात ‘इंटरनॅशनल’. आणि तळाशी बारीक अक्षरात पत्ता आमच्याच तालुक्यातल्या एका गाळ्याचा. नोंदणी क्रमांक होता, पण तो धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवल्याचा. अशी नोंदणी कोणत्याही मंडळाला करता येते. तिच्यामुळे कराटेतली मान्यता मिळत नाही.

मुलीला मी दुसऱ्या क्लासमध्ये नेलं. तिथल्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, तिला हेइआन निदान करायला सांगितला. तिने डावीकडे वळून दोन्ही हात वर घेतले, पुढच्या एक-दोन हालचाली केल्या आणि थांबली. ब्राऊन बेल्टच्या मुलीला हा काता झोपेतही यायला हवा. सेन्सेई तिला म्हणाले, “बेटा, तुला शिकवलंच नाही, तर तू करणार कसं?” घरी येताना रिक्षात ती रडत होती. “सर माझ्याशी खोटं का बोलले?” हे ती परत परत विचारत होती, आणि त्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. आता ती खालच्या क्यूपासून पुन्हा शिकते आहे.

तुमचं मूल कुठे जात असेल तर कोणत्या बेल्टला काय यावं लागतं ते लेखी मागा, परीक्षा स्वतः बसून बघा, आणि याआधी कुणी नापास झालंय का ते विचारा. ब्लॅक बेल्ट कोणत्या संस्थेचा मिळणार हे कळलं की सरांना न सांगता थेट त्या संस्थेकडे चौकशी करा. तायक्वांदोत हे सोपं आहे. दान देणारी कुक्कीवॉन ही संस्था दक्षिण कोरियात सोलमध्ये आहे आणि तिचं सर्टिफिकेट त्यांच्याकडे तपासता येतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे दानऐवजी ‘पूम’ ही मुलांसाठीची श्रेणी मिळते. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं. भराभर दान मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

शाळेने आमचा लेखी अर्ज वाचून हॉल काढून घेतला, पण क्लास आता दुसरीकडे चालू आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, मी तक्रार नोंदवली आहे आणि आम्ही काही पालक मिळून जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. या पॅकेजचे पैसे भरलेल्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट, सरांचे मेसेज आणि मुलांची सर्टिफिकेटं जपून ठेवावीत. अर्जाला ती सगळी जोडायची आहेत.