गळाला विचित्र रंगाचा ट्राउट लागला: ठेवायचा, सोडायचा की कळवायचा?

ट्राउट हा थंड पाण्याच्या नद्यांतला मासा. ब्राउन ट्राउट म्हणजे पिवळसर तपकिरी अंग, त्यावर काळे-लाल ठिपके. रेनबो ट्राउट म्हणजे कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा. हिमाचलमधल्या तीर्थन किंवा बियास नदीच्या काठी गळ टाकणाऱ्याच्या डोळ्यांत हेच चित्र पक्कं बसलेलं असतं. म्हणून काळाकुट्ट किंवा निळा मासा हाती आला की कुणी विषारी समजून तो फेकून देतं, तर कुणी दुर्मिळ जात सापडली म्हणून हरखून जातं. माझ्या मते रंग कोणता हा नंतरचा प्रश्न. आधी तो अंगभर सारखा आहे का ते बघा, मग डोळे, कल्ले आणि पोट बघा. ठेवायचा की सोडायचा ते त्यावर ठरतं.

अंगभर काळा: तळामुळे, डोळ्यामुळे की आजारामुळे?

गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. ट्राउटच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये काळ्या रंगद्रव्याचे कण असतात. ते पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिकट. वरून येणारा उजेड आणि तळावरून परत येणारा उजेड यांतला फरक मासा डोळ्यांनी टिपतो आणि त्यानुसार हा रंग बदलतो. म्हणून एकाच नदीत देवदाराच्या सावलीतल्या खोल डोहातला मासा काळपट असतो आणि चार वळणं पुढे पांढऱ्या वाळूवरचा लख्ख. असा काळा मासा भरलेला असतो, डोळा स्वच्छ असतो, गळावर जोरात ओढतो. तो खुशाल ठेवावा.

याच्या शेजारी आंधळा मासा ठेवून बघा. डिप्लोस्टोमम नावाच्या परजीवीच्या अळ्या माशाच्या डोळ्याच्या भिंगात शिरतात आणि मोतीबिंदू होतो. डोळ्यांनी उजेड कळेनासा झाला की शरीर तळ अंधारा असल्यासारखं वागतं आणि मासा पांढऱ्या गोट्यांवरही काळाच राहतो. बाहुलीत दुधाळ ठिपका दिसला तर उत्तर मिळालं. पूर्ण शिजवून खायला हरकत नाही, पण नीट दिसत नसल्याने असा मासा बहुधा उपाशी असतो आणि अंगावर मांस नसतं. मारामारीत हरलेला, दबलेला ट्राउटही काळवंडतो. डोळे स्वच्छ असलेला असा बारका मासा सोडून द्यावा.

आजाराचा काळा रंग ओळखायचा तर ऋतूकडे बघा. बव्हेरियातल्या इलरसारख्या आल्प्सच्या नद्यांत उन्हाळा संपता संपता ब्राउन ट्राउट काळे पडून मरतात. त्याच पाण्यातल्या रेनबोंना मात्र काही होत नाही. 2018 मध्ये एका विषाणूकडे बोट दाखवलं गेलं, पण नंतरच्या तपासण्यांत ते सिद्ध झालं नाही. दुसरा आजार मूत्रपिंडाचा. त्याचा परजीवी पाण्यात दगड-फांद्यांवर वाढणाऱ्या ब्रायोझोआ या बारीक जीवांमधून येतो आणि पाणी काही आठवडे 15 अंशांच्या वर राहिलं की मासे दगावू लागतात. काळवंडलेलं अंग, बाहेर आलेले डोळे, फुगलेलं पोट आणि लालऐवजी फिकट कल्ले हे एकत्र दिसलं तर शंका घ्यायलाच हवी. स्वित्झर्लंडमध्ये नद्यांतला ट्राउट का घटला याचा शोध घेताना या आजाराचं नाव ठळकपणे पुढे आलं. असा मासा ताटात नको. फोटो, तारीख, जागा आणि जमलं तर पाण्याचं तापमान टिपून मत्स्यविभागाला किंवा स्थानिक क्लबला कळवा.

शरदातला काळेपणा वेगळा. नराचं पोट काळसर होतं, खालचा जबडा आकड्यासारखा वळतो, बाजू पिवळ्या-लाल होतात. ही विणीची तयारी. हिमाचलमध्ये 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते ती यासाठीच. ऑक्टोबरच्या शेवटी असा मासा लागला तर मी तो सोडीन.

फक्त शेपटीकडे काळा

कातडीचा रंग बदलण्याचा हुकूम नसांमधूनही जातो. बगळ्याच्या चोचीने किंवा दगडाने नस तुटली की तिच्या ताब्यातला भाग काळा पडतो. जुना व्रण आणि तिथून मागे सुरू होणारी स्वच्छ सीमारेषा दिसली, बाकी मासा धडधाकट असला, तर बिनधास्त ठेवा. पण मासा लहान, शेपूट काळी, कणा वाकडा, डोक्याला खळगा आणि पाण्यात स्वतःभोवती गिरक्या घेणं, ही लक्षणं व्हर्लिंग डिसीजची. यातला परजीवी कूर्चा खातो, त्यामुळे नसांवर दाब येतो आणि शेपूट काळी पडते. माणसाला त्याची बाधा होत नाही. नदीला मात्र होते, म्हणून हा मासा दुसऱ्या ओढ्यात कधीही सोडू नये आणि त्याची घाण पाण्यात टाकू नये.

सोनेरी आणि निळा

दोन्ही सुंदर आणि दोन्ही खायला निर्धोक, पण कारणं अगदी वेगळी. सोनेरी रेनबो अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, 1950 च्या दशकात सापडलेल्या एका पिवळट पिल्लापासून वाढवला गेला. राज्याच्या शताब्दीला, 1963 मध्ये, तो नद्यांत सोडला. म्हणजे तिकडे असा मासा लागला तर तो बहुधा हॅचरीतून आलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या डोंगरातला गोल्डन ट्राउट ही वेगळी, मूळची रानटी जात आहे. तिथे नियम वाचल्याशिवाय तो पिशवीत टाकू नका.

निळ्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. जपानमधल्या कोबाल्ट रंगाच्या रेनबोंचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या पिट्युटरी ग्रंथीचा मधला भाग जवळपास नसल्याचं दिसलं. कातडीच्या रंगावर ताबा ठेवणारी संप्रेरकं त्याच भागात तयार होतात. म्हणजे तो निळा रंग जन्मजात दोषातून येतो, पाण्यातल्या रसायनातून नाही. उलट पारा किंवा कीटकनाशकांचे अंश माशात असले तरी कातडीवर दिसतीलच असं नाही. त्यामुळे पाण्याच्या शुद्धतेचा निवाडा माशाच्या रंगावरून करू नका.

डाग, कापूस, गळवं

मोहरीएवढे काळे ठिपके म्हणजे कृमींच्या अळ्यांभोवती माशाने घातलेलं काळं कवच. कातडी काढा, मासा पूर्ण शिजवा, खा. पांढरा कापूस म्हणजे बुरशी, ती बहुतेकदा कोरड्या हातांनी खवल्यांवरची बुळबुळ पुसली गेल्यावर धरते. फुटलेली गळवं किंवा लाल उघडी जखम असेल तर तो मासा खायचा नाही, कळवायचा.

सोडण्याबद्दल एक गोष्ट परदेशातल्या मराठी मंडळींसाठी. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरायला बंदी आहे, आणि जर्मनीतही प्राणिसंरक्षण कायद्यामुळे ते अडचणीचं ठरतं. हिमाचलमध्ये परवाना काढावा लागतो, पण मासा सोडणं सर्रास चालतं. आणि आजारी वाटणारा मासा कुठेही हाती आला तरी पुढच्या नदीवर जाण्याआधी बूट आणि जाळी चिखल निघेपर्यंत घासून धुवा आणि पूर्ण वाळवा, कारण व्हर्लिंगचे बीजाणू चिखलात वर्षानुवर्षं टिकतात.